क्रोएशियात शिडाच्या बोटीवर आठ मित्र: कप्तान भाड्याने घ्यावा की बंड्यावर सोडावं?

निवांत_निशा
मंडळी, सल्ला हवाय. कॉलेजातला आमचा आठ जणांचा कंपू (पाच पुण्यात, दोघं म्युनिकला, एक लंडनला) येत्या सप्टेंबरात क्रोएशियात शिडाची बोट घेऊन आठवडाभर बेटं हिंडायचं म्हणतोय. बेत असा: स्प्लिट, मिल्ना, विस, बिशेवोची निळी गुहा, कोर्चुला, ह्वार आणि परत स्प्लिट. बोट शनिवार ते शनिवार मिळते.

म्युनिकच्या दोघांपैकी एकाकडे, त्याला इथे बंड्या म्हणू, जर्मन परवाना आहे. तो म्हणतो, मी असताना कप्तान कशाला? कप्तानाचे दिवसाला दोनशे-अडीचशे युरो सांगतायत, वर त्याचं जेवणखाण आपल्याकडे. बाकीच्यांपैकी तिघांनी गेटवे-मांडव्यापलीकडे समुद्र ओलांडलेला नाही. मला पोहता येतं, पण शिडातलं ओ की ठो कळत नाही.

कोणी असं केलंय का? कप्तान घ्यावा की बंड्यावर सोडावं? आणि उपप्रश्न: पंचेचाळीस फुटांत आठ जण आठवडाभर राहिल्यावर मैत्री टिकते का?

फिरस्ता
मी गेटवे-मांडवा कॅटामरानवर चहा न सांडता प्यायलोय. कप्तान म्हणून विचार व्हावा. फक्त जेवणावर येतो.

पोटोबा
उपप्रश्नाचं उत्तर: नाही.

म्युनिकची_मैना
निशा, बंड्याचा परवाना कोणता ते आधी विचार. जर्मनीत समुद्रासाठीचा पहिला परवाना, एसबीएफ-सी, मोटरबोटीवर परीक्षा देऊन मिळतो. शिडाला हात न लावताही माणूस पास होतो. त्याच्या वरचा एसकेएस, त्याला तीनशे सागरी मैलांचा अनुभव दाखवावा लागतो आणि परीक्षा शिडाच्या बोटीवर होते. क्रोएशियात पहिलाही चालतो, सोबत व्हीएचएफ रेडिओचा दाखला लागतो. म्हणजे कागदावर बंड्या कप्तान ठरेल. पाण्यावरचं वेगळं.

निवांत_निशा
विचारलं. पहिलावाला आहे. रेडिओचा दाखलाही आहे. 'शीड मी आमरझे तलावावर शिकलोय' असं बाणेदार उत्तर आलं.

पोटोबा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खारावारा
त्या भागात बऱ्याचदा बोट चालवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा मार्ग. नकाशावर सुंदर दिसतो, पण कोर्चुला काढून टाका. विस गावाहून कोर्चुला गाव चाळीसहून जास्त सागरी मैल आहे. चाळीस-पंचेचाळीस फुटी बोट शिडावर ताशी पाच-सहा मैल धरते, म्हणजे अख्खा दिवस त्यातच गेला. वर तिथे उन्हाळ्यात दुपारचा वारा असतो माएस्त्राल, वायव्येकडून येणारा. शाळेत भूगोलात खारे वारे शिकलो त्यातलाच प्रकार: जमीन तापते, अकरा-बाराच्या सुमारास वारा उठतो, दुपारी तीन-चारला जोरात असतो आणि सूर्य कलला की पडतो. विसहून कोर्चुलाला जाताना तो पाठीशी असतो, सगळे खूश, फोटोच फोटो. कोर्चुलाहून ह्वारला परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं, अंतर वाढतं, बोट कलते आणि लाटा अंगावर येतात. मग कोणीतरी म्हणतं, इंजिन लावा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बोट मूळ धक्क्यावर परत लागते, शनिवारी सकाळी फक्त सामान काढायचं. हाताशी असतात सहा दिवस, सात नाही.

मी म्हणेन: शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळेल, रात्र तिथेच काढा. रविवारी मिल्ना (ब्राच बेट, दहाएक मैल, पहिल्या दिवसाला पुष्कळ). मग विस, तिथे दोन रात्री. मग ह्वारच्या समोरची पाकलेनी बेटं, मग ह्वार बेटावरचंच स्तारी ग्राद, आणि शुक्रवारी परत.

आता कप्तान. खुल्या समुद्रात शिडं हाताळणं हा सोपा भाग आहे. हवा बरी असेल तर तलावावर शिकलेला माणूसही ते करतो. घाम फुटतो तो संध्याकाळी धक्क्याला लागताना. तिथे बोट मागे घेत उलटी लावतात, दोन बोटींच्या मधे. गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला गाडी रिव्हर्स लावावी तसं, फक्त इथे रस्ता सरकतो आणि ब्रेक नसतो. मागे जाताना पंख्यामुळे बोटीची शेपटी एका बाजूला ओढली जाते, बाजूचा वारा नाकाला ढकलतो. धक्क्यावरचा माणूस एक दोरी उचलून देतो, ती समुद्रतळाला बांधलेली असते. ती घेऊन कोणीतरी पळत पुढे जाऊन बांधायची. त्या क्षणी इंजिन न्यूट्रलला नसेल तर दोरी पंख्यात. हे सगळं शेजारच्या बोटीवर वाइन पीत बसलेली माणसं बघत असतात.

निवांत_निशा
बापरे. खूप आभार. कोर्चुला रद्द. (लंडनवाल्याचा मार्को पोलो तिथेच जन्मला होता, तो रुसणार.)

खारावारा
मार्को पोलो तिथला हा कोर्चुलाकरांचा दावा आहे, व्हेनिसवाले मानत नाहीत. रुसू नका म्हणावं.

रोखठोक
मी उलट मत मांडतो. कप्तान घेतला की तुम्ही प्रवासी झालात. तो सांगणार कुठे थांबायचं, कुठल्या कोनोबात (तिथली खाणावळ) जेवायचं, आणि तिथे त्याची ओळख असणारच. बोटीची गंमत स्वतः चुकतमाकत शिकण्यात आहे. सप्टेंबरात गर्दी ओसरलेली असते, पाणी उन्हाळाभर तापून छान झालेलं असतं. बंड्याकडे कागद आहेत, डिपॉझिटचा विमा घ्या आणि निघा. सगळ्यालाच भ्यायचं तर महाबळेश्वरला वेण्णा लेक आहेच.

म्युनिकची_मैना
@रोखठोक, चुकतमाकत बंड्या शिकणार, आणि बाकीचे सात जण? त्यातल्या तिघांनी लाईफ जॅकेट फक्त विमानातल्या सूचनांमध्ये पाहिलंय.

रोखठोक
सात जणांपैकी दोघं दोऱ्या शिकले तरी पुरे. कोकणातली पोरं दहाव्या वर्षी होडी चालवतात.

अलिबागकर_तात्या
कोकणाचं नाव निघालं म्हणून. एवढे युरो घालवून लांब कशाला जायचं ते मला समजत नाही. खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, दर पन्नास मैलांवर पाण्यातला किल्ला आहे. जंजिऱ्याला आजही राजपुरीहून शिडाच्या होडीतून नेतात. असा किनारा क्रोएशियात दाखवा.

खारावारा
तात्या, किनाऱ्याबद्दल वादच नाही. पण आठ जण रात्री बोटीवर झोपणार, तर बोट सुरक्षित लावायला जागा, पाणी, वीज, डिझेल लागतं. क्रोएशियात ते दर पंधरा-वीस मैलांवर मिळतं. आपल्याकडे मुंबई ते मालवण ते नाही. बाहेरच्या बाजूला बेटं नाहीत, त्यामुळे आडोसा फक्त खाड्यांमध्ये, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे. आपल्या किनाऱ्याला भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटर, तिकडे एड्रियाटिक समुद्राच्या त्या भागात फूट-दीड फूट. शिवाय रात्री पसरलेली मच्छीमारांची जाळी. आणि जून ते सप्टेंबर समुद्र बंदच.

अलिबागकर_तात्या
हे मान्य. पण आमच्या तांडेलाला जे कळतं ते तुमच्या परवान्यात नाही, एवढं लिहून ठेवा.

खारावारा
लिहून ठेवलं. त्याबद्दल दुमत नाही.

सागरवेडी
अवांतर: शिडाचा विषय निघालाय तर आपल्या लोकांची आठवण काढूच. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तसं करणारे पहिले भारतीय. 'म्हादेई' नावाची ती बोट गोव्यात बांधली होती. त्याच बोटीवर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. आणि आपण इथे मिल्नापर्यंत दहा मैल जमतील का ते विचारतोय.

फिरस्ता
दोंदेंबरोबर आठ मित्र नव्हते. म्हणून जमलं.

शंकासुर
कोणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो. संडासाचं काय?

म्युनिकची_मैना
ज्याची सगळ्यांना शंका असते ते! बोटीवर छोटी न्हाणी-संडासाची खोली असते, हातपंपाने समुद्राचं पाणी ओढून साफ करायचं. नियम एकच: जे आधी खाल्लेलं नाही ते आत टाकायचं नाही. कागदसुद्धा नाही, तो वेगळ्या पिशवीत. नळी बारीक असते, तुंबली तर दुरुस्ती कोणालातरी हातानेच करावी लागते. आपल्याला कागदाची सवय नसते ते इथे फायद्याचं. मग मात्र सोबत घ्यायचा. टाकी बंदरात रिकामी करायची नाही, बाहेर खोल पाण्यात गेल्यावर.

शंकासुर
मग म्हणजे चहाचा की प्लास्टिकचा?

म्युनिकची_मैना
प्लास्टिकचा. चहाचा वेगळा ठेवा, कृपया.

सुगरण_सुलभा
खाण्याबद्दल कोणी लिहिणार की नाही? बोटीवर दोन शेगड्या असतात आणि शेगडी झुलती असते, बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. धावत्या बोटीवर काही तळू नका. आम्ही पोहे, खिचडी, थालीपीठ सकाळी नांगरावर असतानाच करायचो. लहान कुकर न्यायचाच. तिळाची चटणी, मेतकूट, लसणीची चटणी. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पहिल्या दिवशीच भरपूर घ्या, बेटांवर महाग. टाकीतलं पाणी तीन-चारशे लिटर असतं, आठ जण रोज केस धुवायला लागले तर तिसऱ्या दिवशी खडखडाट. समुद्रात डुंबा, मग मागच्या फळीवर तांब्याभर गोड्या पाण्याने अंग धुवा.

शाकाहारी कोणी असेल तर सावध. विस बेटावर पोगाचा नावाची भरलेली रोटी मिळते, वरून अगदी निरागस. आत खारवलेली मासळी आणि कांदा. बेटावरच्याच कोमिझा गावचे वर टोमॅटोही घालतात. शाकाहाऱ्यांनी ब्लित्वा मागवावी, बटाटा घालून केलेली पालेभाजी, आपल्या तोंडाला बरी लागते. आणि पेका खायचं तर सकाळीच फोन करून सांगायचं. लोखंडी झाकणाखाली निखाऱ्यात तासन्‌तास शिजतं, ऐनवेळी मिळत नाही.

पोटोबा
ऑक्टोपसची पेका. बटाट्यात तो सगळा रस मुरलेला असतो. धागा इथेच संपला असं माझं मत.

निवांत_निशा
आमच्यात दोघं शाकाहारी, एक 'फक्त मंगळवारी'वाला. पोगाचाची नोंद घेतली, त्याला मंगळवारी खायला घालणार.

इतिहासप्रेमी
विसला दोन रात्री हा सल्ला उत्तम. युगोस्लाव्हियाच्या काळात हे बेट लष्करी तळ होतं आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसांना तिथे बंदी होती. म्हणून तिथे टोलेजंग हॉटेलं उठली नाहीत. डोंगर पोखरून केलेले बोगदे अजून आहेत. पाणबुडी लपवायचा बोगदा तर थेट पाण्यात उघडतो. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो, त्याचा १९४४ मधला मुक्काम हुम डोंगरातल्या गुहेत होता. आणि १८६६ मध्ये ऑस्ट्रियन आणि इटालियन आरमारांची मोठी लढाई याच बेटाजवळ झाली, लोखंडी चिलखत चढवलेल्या जहाजांची. ऑस्ट्रियाच्या सेनापतीने इटालियन जहाजाला सरळ धडक देऊन बुडवलं.

स्तारी ग्रादही सोडू नका. पारोस बेटाच्या ग्रीकांनी इ.स.पू. ३८४ मध्ये वसवलेलं गाव. त्यांनी आखलेले शेतांचे चौकोन आणि दगडी बांध अजून तसेच आहेत, आत द्राक्षं आणि ऑलिव्ह. २००८ पासून जागतिक वारशात. गावात सायकल भाड्याने घ्या आणि त्या शेतांतून हिंडा. माझ्या मते ह्वार गावापेक्षा हे दहापट चांगलं.

रोखठोक
ह्वार गावाबद्दल सहमत. धक्का छोटा, गर्दी मोठी, भाव आकाशात. बोट समोरच्या पाकलेनी बेटांवर पाल्मिझानाला लावा आणि टॅक्सीबोटीने गावात या. आणि मित्रांना सांगा की गावात उघड्या अंगाने फिरलं तर दंड होतो, तशा पाट्याच लावल्यात.

फिरस्ता
पुण्यात दुपारी एक ते चारची पाटी वाचून मोठे झालेल्यांना पाट्यांची भीती घालू नका.

खारावारा
निळ्या गुहेबद्दल राहिलं. तिथे तुमची बोट आत जात नाही. बिशेवोच्या मेझोपोरात खाडीत तिकीट काढून त्यांच्या छोट्या होडीतून जायचं. सूर्य ठरावीक उंचीवर असताना पाण्याखालच्या फटीतून उजेड आत येतो, साधारण अकरा-बाराला सगळ्यात छान. नेमकी तेव्हाच स्प्लिटहून निघालेल्या स्पीडबोटींची जत्रा असते. समुद्र खवळला तर गुहा बंद. म्हणून तिच्याभोवती आठवडा बांधू नका.

आणि हवामान रोज संध्याकाळी बघायचं, न चुकता. माएस्त्राल हा मित्र. युगो आग्नेयेकडून येतो, ढग, दमट हवा, दोन-तीन दिवस टिकतो आणि मोठ्या लाटा उठवतो, पण आधी वर्दी देतो. बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळते, आभाळ निरभ्र असताना. तिचा अंदाज आला की बाहेर पडायचंच नाही, बंदरात पत्ते खेळायचे. सप्टेंबरात दोन्हींची शक्यता ऑगस्टपेक्षा जास्त. @रोखठोक, गर्दी कमी असते हे खरं, पण हे त्यासोबत येतं.

रोखठोक
हे मान्य करावं लागेल. बुराच्या दिवशी बंदरात थांबायचा निर्णय घ्यायला परवाना नाही, 'नाही' म्हणायची हिंमत लागते. मित्रांना विमान पकडायचं असताना ती अवघड.

सागरवेडी
हाच खरा मुद्दा. मित्रांमध्ये कप्तान असला की सात मालक आणि एक नोकर अशी गत होते. 'अरे चल ना, काही होत नाही.' भाड्याच्या कप्तानाला असं म्हणायला कोणी धजत नाही. रच्याकने, ज्यांना लागतं त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. आलेपाक जवळ ठेवा, केबिनमध्ये जाऊ नका, बाहेर बसून क्षितिजाकडे बघा.

गप्पू
मी बंड्या.

पोटोबा
आला! आला!

गप्पू
निशाने लिंक पाठवली नव्हती, मैनेने पाठवली. वाचलं सगळं. माझी बाजू: आमरझेवर चार उन्हाळे शीड चालवलंय, वाऱ्याचं मला कळतं. उलटी बोट लावायचा सराव नाही हे खरं, तलावावर ती वेळ येत नाही. पण सातही दिवस कप्तान घेतला तर मी का येऊ? आणि जागेचाही प्रश्न आहे. चार केबिनच्या बोटीत आठ जण झाले की कप्तान मधल्या बाकावर झोपणार, रात्री एकला आपला पत्त्यांचा डाव रंगलेला असताना. शिवाय कागदावर जितक्या माणसांची परवानगी तितकीच नेता येतात.

खारावारा
गप्पू, बरं झालं आलात. मधला मार्ग आहे. कप्तान पहिल्या दोन दिवसांसाठी घ्या, पण शिकवणारा, असं आधी स्पष्ट सांगून. पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत तासभर नुसतं मागे-पुढे, मागे-पुढे करायचं. मिल्नाला तुम्ही लावा, तो शेजारी उभा. विसला तुम्ही लावा, तो तोंड बंद ठेवून. विसहून स्प्लिटला रोज फेरी आहे, तो तिकडून परत जाईल. पुढचे दिवस शक्य तिथे नांगर टाका किंवा कोनोबाच्या बोयाला (तळाला बांधलेला तरंगता गोळा) बांधा. जेवायला येणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी बोया फुकट असतो, उलटं लावायची भानगडच नाही. नांगर टाकलात तर साखळी खोलीच्या चार-पाच पट सोडा, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून अर्धा तास बघा बोट सरकतेय का.

बोट सात केबिनवाली घेऊ नका, लहान घ्या. कॅटामरान कलत नाही, जागा भरपूर, पण भाडं बरंच जास्त आणि धक्क्याचे पैसेही जास्त.

गप्पू
हे पटतंय. दोन दिवस चालेल. पण बोटीवर शेवटचा शब्द माझा, हे कंपूने आधी कबूल करायचं.

निवांत_निशा
कंपूच्या ग्रुपवर टाकलं. पाच हो, एक 'बघू', एकाने अंगठा दाखवला म्हणजे काय ते माहीत नाही. बंड्याचा शब्द अंतिम, फक्त स्वयंपाक आणि गाण्यांच्या बाबतीत नाही.

म्युनिकची_मैना
आता पैशाचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांची सारखी काँट्री काढा आणि एका पाकिटात ठेवा: डिझेल, धक्क्याचे पैसे, वाणसामान, कप्तानाचं जेवण. जो दारू पीत नाही त्याला वेगळा हिशोब द्या, आठवड्यातली निम्मी भांडणं तिथे होतात. १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरोच चालतो आणि शेंगेनमध्येही आहे, त्यामुळे पुण्याच्या मंडळींना शेंगेन व्हिसाच पुरतो, क्रोएशियाचा वेगळा नको. लंडनवाल्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यालाही शेंगेन काढावा लागेल, त्याला आत्ताच सांगा. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवतात, दोन-तीन हजार युरो असू शकतं. भारतीय कार्डाची परदेशातली मर्यादा आधी वाढवून घ्या. आणि ताब्यात घेताना बोटीचा प्रत्येक ओरखडा फोटो काढून ठेवा. आमच्या ओळखीतल्या एकांकडून एका कंपनीने आधीपासूनच्या खरचट्याचे पैसे कापले होते, फोटो दाखवल्यावर परत केले.

शंकासुर
बॅगा कुठल्या? चाकाच्या?

सागरवेडी
अजिबात नाही. कडक सूटकेस ठेवायला जागाच नसते. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या. बुटाचे तळवे पांढरे किंवा अनवाणी.

सुगरण_सुलभा
निशा, कुकर तीन लिटरचा पुरेल, खिचडी दोनदा लावायची. आणि गॅसचं एक विसरू नका: स्वयंपाक झाला की सिलिंडरचा कॉक बंद. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, बाहेर निघून जात नाही. हे काम एकाच माणसाला नेमून द्या.

गप्पू
ते मी करतो. शिट्ट्या मोजायचं काम दुसऱ्याला द्या.